पोट फुगतं म्हणून संत्रं सोडलं? आधी सफरचंदाकडे बघा

सावनेर, कळमेश्वर, काटोल, नरखेड हा सगळा पट्टा संत्र्याचा. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आगेमागे उतरू लागतो आणि मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे वर्षातले बरेच महिने इथल्या घरात संत्र्याची टोपली असतेच. आणि याच भागातून येणारे पेशंट मला सांगतात, "संत्रं खाल्लं का पोट फुगते जी, म्हणून बंदच केलं."

मी विचारतो, मग फळ कोणतं खाता? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "सफरचंद. रोज एक, कधी दोन. आणि सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात मध."

पोट फुगायचं थांबलं का? नाही. म्हणून तर ते दवाखान्यात आलेले असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पोटाची कुठलीही तक्रार आली की काहीतरी 'बंद' करायचं, ही आपली सवय चुकीची आहे. त्यातही आपण बहुधा भलतंच बंद करतो. संत्रं आंबट म्हणून ते दोषी, आणि सफरचंद आजाऱ्याचं फळ म्हणून ते निर्दोष, असा निकाल आपण चवीवरून लावून टाकतो. पोट मात्र चव बघत नाही, ते साखर बघतं. कोणती साखर, किती आणि कोणत्या साखरेच्या जोडीने, यावर पुढचं सगळं ठरतं.

फ्रुक्टोज पचत नाही म्हणजे नेमकं काय?

फळांमध्ये मुख्यतः तीन साखरा असतात: ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज. सुक्रोज म्हणजे आपली नेहमीची साखर. ती आतड्यात फुटते आणि तिचे दोन समान भाग होतात, एक ग्लुकोजचा आणि एक फ्रुक्टोजचा.

ग्लुकोज शोषून घेण्यासाठी लहान आतड्यात जोरदार व्यवस्था आहे. ती ऊर्जा खर्च करून ग्लुकोज अक्षरशः आत ओढून घेते. फ्रुक्टोजचं तसं नाही. त्याच्यासाठी ग्लुट-५ नावाचा एक वाहक आहे आणि त्याची क्षमता मर्यादित आहे. संत्र्याच्या हंगामात नागपूरच्या कळमना मार्केटच्या फाटकापुढे गाड्यांची रांग लागते, तसा प्रकार. फाटक बंद नसतं, पण अरुंद असतं. थोड्या गाड्या आल्या तर सगळ्या आत जातात. एकदम पन्नास आल्या तर मागच्या बाहेरच राहतात.

आता गंमत अशी की ग्लुकोज सोबत असलं तर फ्रुक्टोजही बऱ्यापैकी आत जातं. त्याच्यासाठी जणू दुसरा दरवाजा उघडतो. म्हणून ज्या फळात दोन्ही साखरा साधारण सारख्या असतात ते फळ सोपं जातं, आणि ज्यात फ्रुक्टोज जास्त व ग्लुकोज कमी ते जड जातं. नुसतं 'गोड आहे म्हणून जड' असं काही नाही.

जे फ्रुक्टोज आत जाऊ शकलं नाही ते पुढे मोठ्या आतड्यात पोहोचतं. तिथे अब्जावधी जंतू वाटच बघत असतात. ते त्याला आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन वायू तयार होतो. शिवाय ही न शोषलेली साखर आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते. वायूमुळे पोट फुगतं, गुडगुडतं, कळ येते; पाण्यामुळे शौचाला पातळ होतं, घाईची लागते. हे सगळं खाल्ल्यानंतर अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत केव्हाही होऊ शकतं, त्यामुळे नेमकं कशाने झालं हे ओळखणं अवघड जातं. दुपारी चारला पोट फुगलं की आपण दुपारच्या जेवणातल्या वांग्याला दोष देतो. सकाळी अकराला खाल्लेलं सफरचंद कोणाला आठवतं?

हा 'रोग' म्हणावा का? माझ्या मते नाही. ही क्षमतेची मर्यादा आहे, आणि ती कमी-अधिक प्रमाणात प्रत्येकालाच असते. निरोगी माणसाला उपाशीपोटी ५० ग्रॅम शुद्ध फ्रुक्टोज पाण्यातून दिलं तर बऱ्याच जणांना ते पूर्ण शोषता येत नाही. फरक इतकाच की कुणाचं फाटक जास्त अरुंद असतं, आणि कुणाचं आतडं थोड्याशा वायूनेही दुखतं. ज्यांना इरिटेबल बाॅवेल म्हणजे आयबीएसचा त्रास आहे त्यांचं आतडं असं हळवं असतं. वायू शेजाऱ्याच्या पोटातही तेवढाच होतो, पण शेजाऱ्याला कळत नाही आणि यांना झोप लागत नाही.

आता फळांचा हिशोब

अंदाज यावा म्हणून १०० ग्रॅम फळामागे आकडे देतो. जातीनुसार, पिकण्यानुसार ते थोडे बदलतात.

सफरचंदात फ्रुक्टोज साधारण ६ ग्रॅम आणि ग्लुकोज अडीच ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका मध्यम सफरचंदात पाच ग्रॅमहून जास्त फ्रुक्टोज असं, ज्याला ग्लुकोजची सोबत नाही. शिवाय सफरचंदात सॉर्बिटॉल नावाची साखरेची बहीण असते. ती स्वतः नीट शोषली जात नाही आणि फ्रुक्टोजच्याही वाटेत येते. नाशपातीचं तर याहून वाईट, तिच्यात सॉर्बिटॉल आणखी जास्त.

आंब्यात फ्रुक्टोज पावणेपाच ग्रॅमच्या आसपास, ग्लुकोज त्याच्या निम्म्याहूनही कमी. टरबुजात आकडे लहान दिसतात, साधारण साडेतीन आणि दीड, पण टरबूज १०० ग्रॅम कोण खातं? उन्हाळ्यात आपण अर्धा किलोची फोड संपवतो. मधात फ्रुक्टोज ३८ ते ४० टक्के आणि ग्लुकोज ३० टक्क्यांच्या आसपास. 'नैसर्गिक' असल्यामुळे मध पोटाला सोपा जातो, हा समज या हिशोबापुढे टिकत नाही.

आणि संत्रं? फ्रुक्टोज सुमारे सव्वादोन ग्रॅम, ग्लुकोज दोन ग्रॅम. जवळजवळ बरोबरी. बाकीची साखर सुक्रोज, जी फुटल्यावर सारखीच वाटली जाते.

म्हणजे ज्याला फ्रुक्टोज जड जातं, त्याच्यासाठी एका वेळी एक संत्रं हे सुरक्षित फळांपैकी एक आहे. केळंही तसंच. अशा माणसाने संत्रं सोडून सफरचंद धरलं तर त्याने सोपं फळ टाकून अवघड फळ घेतलं. स्वतःची बाग असलेल्या माणसाने आपलं फळ बाजारात पाठवावं आणि बाजारातून महागाचं सफरचंद आणून पोट दुखवून घ्यावं, हे मला बघवत नाही.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, संत्र्यातल्या आम्लामुळे काहींच्या छातीत खरोखरच जळजळ होते. ज्यांना घशाशी आंबट येतं त्यांनी रात्री किंवा रिकाम्या पोटी संत्रं टाळलेलं बरं. पण छातीतली जळजळ आणि बेंबीखालचं फुगणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दोन, बागेत तोडा सुरू असताना गप्पा मारता मारता आठ-दहा संत्री पोटात जातात. तिथे कुठलीही बरोबरी कामाला येत नाही, एकूण साखरच इतकी होते की पोट बोलणारच. रसाचंही तेच. एक ग्लास रसाला तीन-चार संत्री लागतात. चोथा निघून जातो आणि सगळी साखर दोन मिनिटांत आतड्यात उतरते. फळ चावून खा, एवढंच माझं म्हणणं.

गॅसची गोळी इथे काय करते?

जवळजवळ काहीच नाही. आपल्याकडे पोटाच्या प्रत्येक त्रासाला 'ॲसिडिटी' किंवा 'गॅसेस' म्हणतात, आणि मेडिकलवर गेलं की पँटोप्राझोलसारखी गोळी मिळते. ही गोळी जठरातलं आम्ल कमी करते. मोठ्या आतड्यात जंतू वायू तयार करत असतात त्याच्याशी तिचा संबंध नाही. वर्षानुवर्षं उपाशीपोटी ती घेणारे लोक मी बघतो, आणि विचारलं तर म्हणतात, "घेतली नाही तर बरं वाटत नाही, घेतली तरी पोट फुगतेच." अशा गोळ्या खूप काळ घेणाऱ्यांत लहान आतड्यात जंतूंची वाढ जास्त आढळते, आणि त्या वाढीनेही पोट फुगतं. गोळी ज्यांना खरंच लागते त्यांनी ती स्वतःहून बंद करू नये, पण ती कशासाठी चालू आहे हे एकदा डॉक्टरांना विचारावं.

आणखी एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कित्येक पातळ अँटासिडांना आणि खोकल्याच्या औषधांना गोडी आणण्यासाठी सॉर्बिटॉल वापरलेलं असतं. 'शुगर-फ्री' गोळ्या-चॉकलेटांत, च्युइंगममध्येही ते असतं. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. पोट फुगतं म्हणून चमचाभर घ्यायचं आणि त्यातूनच सॉर्बिटॉल पोटात जायचं, असं होऊ शकतं.

तपासणी

याची तपासणी आहे, तिला हायड्रोजन ब्रेथ टेस्ट म्हणतात. रात्रभर उपाशी राहून सकाळी २५ ग्रॅम फ्रुक्टोज पाण्यात विरघळवून पितात आणि पुढचे तीन तास ठरावीक अंतराने यंत्रात फुंकतात. शरीराच्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत, तो आतड्यातल्या जंतूंकडूनच येतो, रक्तात मिसळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. सुरुवातीच्या पातळीपेक्षा तो दहा लाख भागांत २० ने वाढला तर तपासणी पॉझिटिव्ह धरतात. मोठ्या शहरांतल्या पोटविकार केंद्रांत ती होते. पण ती प्रत्येकाने करावी असं मला वाटत नाही. तपासणी पॉझिटिव्ह आणि त्रास शून्य असे लोक असतात, आणि उलटही असतात. फुंकताना पोटात त्रास होतो का, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं.

रक्ताच्या एका थेंबावर शंभर पदार्थांची 'फूड इन्टॉलरन्स' यादी देणाऱ्या पॅकेजविषयी मात्र स्पष्ट बोलतो. त्यात बहुधा आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांचं मोजमाप असतं. आपण जे खातो त्याची ती प्रतिपिंडं निरोगी माणसातही सापडतात. त्यावरून काय पचत नाही हे ठरत नाही. फ्रुक्टोजचा तर प्रतिपिंडांशी संबंधच नाही. पैसे वाचवा.

मग आहाराचा आणि त्रासाचा संबंध खरा कशावरून? ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाशी संबंधित स्यू शेफर्ड आणि पीटर गिब्सन यांच्या गटाने २००८ मध्ये एक चांगला अभ्यास प्रसिद्ध केला. आयबीएस आणि फ्रुक्टोज न शोषण्याची अडचण अशा दोन्ही असलेले, आहार बदलून बरं वाटलेले २५ जण घेतले. त्यांना पेयातून कधी फ्रुक्टोज, कधी फ्रुक्टान, कधी दोन्ही आणि कधी नुसतं ग्लुकोज दिलं. कोणत्या पेयात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. फ्रुक्टोजने सुमारे ७० टक्के जणांना पुन्हा त्रास झाला, ग्लुकोजने १४ टक्के जणांना. संख्या लहान आहे, पण 'मनाचे खेळ' म्हणून ज्यांना घरचेच झटकून टाकतात त्यांच्यासाठी हा आकडा मोलाचा आहे.

काही अभ्यासांत फ्रुक्टोज न शोषणाऱ्यांमध्ये ट्रिप्टोफॅन, फॉलिक ॲसिड, झिंक यांची रक्तातली पातळी कमी आणि उदासीचं प्रमाण जास्त दिसलं आहे. यावरून फ्रुक्टोजमुळे नैराश्य येतं असं सिद्ध होत नाही. तसे मेसेज तुमच्या ग्रुपवर आले तर पुढे पाठवू नका.

कांदा-लसूण आणि पोळी

वर 'फ्रुक्टान' शब्द आला. फ्रुक्टान म्हणजे फ्रुक्टोजच्या साखळ्या. गहू, कांदा, लसूण यांत त्या असतात. या साखळ्या तोडणारं एन्झाइम कुठल्याच माणसाकडे नाही, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच मोठ्या आतड्यात जातात. हा फ्रुक्टोजपेक्षा वेगळा विषय, पण पोटात शेवट सारखाच, आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्र येतात. तुरीच्या वरणात आणि चण्यात आणखी वेगळ्या न पचणाऱ्या साखरा असतात. आता कांदा-लसणाचं वाटण घातलेला सावजी रस्सा, सोबत चार पोळ्या, उन्हाळा असेल तर वाटीभर आमरस, असं जेवण डोळ्यापुढे आणा. यातलं एकच काहीतरी दोषी ठरवायचं तर कठीण आहे. सगळ्यांची बेरीज होते.

स्वयंपाकघरात एक सोपी युक्ती आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाका आणि त्याच तेलात फोडणी द्या. स्वाद राहतो, त्रास कमी. रश्शात उकळून मग पाकळ्या काढल्या तर उपयोग नाही, तोवर सगळं पाण्यात उतरलेलं असतं. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात घ्या. हिंग चालतो. आणि ज्वारीची भाकरी, जी आपल्या आजी-आजोबांचं रोजचं जेवण होती, ती अशा पोटाला गव्हाच्या पोळीपेक्षा सोपी जाते.

घरी काय करून पाहायचं

दोन आठवडे सफरचंद, नाशपाती, आंबा, टरबूज, मध, सगळे रस, थंड पेयं आणि सॉर्बिटॉल असलेल्या वस्तू थांबवा. बाकी जेवण आहे तसंच ठेवा. एकाच वेळी दूध, गहू, कांदा सगळं सोडू नका, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही. फळ म्हणून रोज एखादं संत्रं किंवा केळं घ्या, जेवणानंतर घेतलं तर आणखी सोपं. एका वहीत काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती, एवढं लिहा.

दोन आठवड्यांत काहीच फरक नाही पडला तर फ्रुक्टोज तुमचा गुन्हेगार नाही. सगळं परत सुरू करा आणि दुसरं कारण शोधा. दूध हे त्यात आधी बघण्यासारखं, कारण लॅक्टोज न पचणं आपल्याकडे फारच सर्रास आहे.

फरक पडला, तर दुसरा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे, आणि तोच लोक टाळतात. एकेक फळ परत आणायचं. पहिल्या दिवशी सफरचंदाची पाव फोड, दुसऱ्या दिवशी अर्धं, तिसऱ्या दिवशी पूर्ण. कुठे त्रास होतो ती तुमची मर्यादा. बहुतेकांना अर्धी वाटी आमरस चालतो, दोन वाट्या चालत नाहीत. अक्षय्य तृतीयेला ताटात रस न घेण्याची शिक्षा कुणालाही करायची गरज नाही. फळं कायमची सोडलेल्या माणसाचा चोथा कमी होतो, जीवनसत्त्वं कमी होतात आणि बद्धकोष्ठ मागे लागतं. मग त्याच्यासाठी वेगळी गोळी.

हा प्रयोग लहान मुलांवर, गरोदर बायकांवर, खूप बारीक असलेल्यांवर आणि मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांवर स्वतःहून करू नका. मधुमेह असेल तर फळाचं प्रमाण डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

लहान मुलांबद्दल आणखी थोडं. वर्ष-दोन वर्षांच्या धडधाकट मुलाला दिवसातून चार वेळा पातळ शी होते, वजन मात्र छान वाढतंय, अशा वेळी मी आधी विचारतो की बाटलीतून सफरचंदाचा किंवा पॅकबंद रस देता का. तो थांबवल्यावर बरीच मुलं औषधाशिवाय ठीक होतात. दोन वर्षांखालच्या मुलांना रस देऊच नये असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही सांगणं आहे. एक वर्षाच्या आत मध तर अजिबात नको, गुटीतूनही नको, त्याने बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

आणि एक गोष्ट पूर्ण वेगळी ओळखायला हवी. 'हेरेडिटरी फ्रुक्टोज इन्टॉलरन्स' नावाचा दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे, १९५६ मध्ये त्याची पहिली नोंद झाली. त्यात फ्रुक्टोज आतड्यातून शोषलं जातं, पण यकृतात ते पुढे वापरलं जात नाही. बाळाला वरचं अन्न, फळ, साखर सुरू झाली की उलट्या, सुस्ती, घाम, रक्तातली साखर एकदम खाली जाणं, कावीळ असं होतं. इथे साखरही चालत नाही आणि 'थोडं थोडं देऊन पाहू' हे धोक्याचं आहे. असं दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

मोठ्यांनीही पुढीलपैकी काही असेल तर वही-बिही बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी: विनाकारण वजन उतरणं, शौचातून रक्त, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा सीलिॲक आजार, किंवा पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. आतड्याचा टीबी, जिआर्डियासारखे परजीवी, थायरॉइड, सीलिॲक हे सगळे सुरुवातीला 'गॅसेस'च्याच नावाने येतात. त्यांचं निदान वेळेवर झालं तर उपचार चांगले आहेत.

दवाखान्यात येताना ती वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि पातळ औषधांच्या बाटल्या पिशवीत टाकून आणा. 'गॅसेस होतात' एवढंच सांगण्यापेक्षा, खाल्ल्यावर किती वेळाने, पोटाच्या कुठल्या भागात आणि शौचाला होऊन गेल्यावर बरं वाटतं का, हे सांगा.